सुपरचार्जर बसवल्यानंतर मियाटाचा क्लच आणि डिफरन्शियल बदलताना : माझा अनुभव

माझ्याकडे 1992 सालची माझ्दा एमएक्स-5 आहे. अमेरिकेत तिला सगळे मियाटा म्हणूनच ओळखतात. 1.6 लिटरचे इंजिन, मागच्या चाकांना चाल, पाच गिअर आणि एक टनाच्या आतबाहेर वजन असा तिचा साधा सरळ संसार आहे. कारखान्यातून बाहेर पडताना या इंजिनाची ताकद 116 अश्वशक्ती आणि कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे 136 न्यूटन-मीटर होता. आम्ही डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो, येथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे ही गाडी फक्त उन्हाळ्यात बाहेर निघते आणि हिवाळाभर गॅरेजमध्ये माझ्या हाती असते. अशाच एका हिवाळ्यात मी तिला ईटनचा एम-45 सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, बसवला. इंधन आणि इग्निशन जुळवण्याचे काम हा स्वतंत्र विषय आहे. येथे मी लिहितो आहे ते त्यानंतरच्या कामाबद्दल, म्हणजे फ्लायव्हीलपासून (इंजिनाच्या मागच्या टोकावरच्या जड चाकापासून) मागच्या चाकांपर्यंत जे जे वाढीव ताकद वाहून नेते, ते तिला पुरेल इतके मजबूत करण्याबद्दल.

पहिली तक्रार क्लचने केली. हा सुपरचार्जर रूट्स प्रकारचा असल्यामुळे इंजिनाच्या फेऱ्या कमी असतानाही हवेचा दाब लगेच तयार होतो. चौथ्या गिअरमध्ये चढावर साधारण तीन हजार आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आरपीएमची सुई झपकन वर जाई आणि गाडीचा वेग मात्र होता तेथेच राही. थोड्या वेळाने जळक्या क्लच प्लेटचा ओळखीचा वास येई. क्लच घसरतो आहे हे समजायला त्याहून अधिक पुरावा लागत नाही. त्याच सुमारास डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचे, तेल बदलायला काढले, तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकावर नेहमीच्या करड्या लेपाबरोबर नखाने उचलता येतील अशा दोन-तीन चकत्या सापडल्या. तेलात बारीक भुकटी येणे हे झिजेचे लक्षण आहे, पण चकत्या येऊ लागल्या म्हणजे दातांचा पृष्ठभाग सुटू लागला आहे.

भाग मागवण्याआधी मी कागद घेऊन बसलो. या गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर 3.136, दुसऱ्याचे 1.888 आणि डिफरन्शियलचे 4.3 आहे. इंजिनाचा मूळ 136 न्यूटन-मीटर टॉर्क पहिल्या गिअरमधून मागच्या ॲक्सलपर्यंत पोचेपर्यंत सुमारे 1,830 होतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे 1,100. सुपरचार्जरनंतरचा टॉर्क 180 धरला, तर हेच आकडे 2,430 आणि 1,460 होतात. आता टायरची बाजू पाहू. वेग घेताना मागच्या दोन चाकांवर मिळून 600 किलो भार येतो असे मानले, घर्षणाचा गुणांक 0.9 घेतला आणि 185/60 आर14 टायरची 29 सेंटिमीटर त्रिज्या लावली, तर साधारण 1,500 न्यूटन-मीटरच्या पुढे कोरड्या रस्त्यावरही चाके जागच्या जागी फिरू लागतात. याचा अर्थ असा की पहिल्या गिअरमध्ये मूळ इंजिनसुद्धा टायरची मर्यादा ओलांडू शकत होते आणि सुपरचार्जरने तेथे डिफरन्शियलवरचा स्थिर भार फारसा वाढवलेला नाही. खरा फरक दुसऱ्या गिअरमध्ये पडला. पूर्वी जो भार गाडी सुटताना क्षणभर येत असे, जवळजवळ तेवढाच भार आता दुसऱ्या गिअरमध्ये प्रत्येक वेळी आणि कितीतरी जास्त वेळ येऊ लागला. धातूच्या थकव्याच्या दृष्टीने ही मोठीच वाढ आहे. त्याशिवाय, घसरणारे चाक अचानक पकड घेते तेव्हा फ्लायव्हीलसह फिरणाऱ्या सगळ्या वस्तुमानाचा जो हिसका मागे जातो, तो या गणितात धरलेलाच नाही, आणि दात तुटतात ते बहुतेक वेळा त्या हिसक्यानेच.

या हिशोबातून माझा एक निर्णय पक्का झाला. चिकट रबराचे रुंद टायर आणि ताकदवान सुपरचार्जर या दोन गोष्टी एकाच वेळी बसवायच्या नाहीत. साधा टायर घसरतो तेव्हा तो फ्यूजचे काम करतो. तो फ्यूज काढून जाडी तार लावली, तर पुढचा भाग जळणारच. बरेच हौशी लोक आधी टायर बदलतात आणि नंतर डिफरन्शियल फुटल्याचा दोष सुपरचार्जरला देतात, असे माझे निरीक्षण आहे.

साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा कोणता, याबद्दल वाद नव्हता. 1.6 लिटरच्या मियाटात डिफरन्शियलच्या क्राऊन व्हीलचा (पिनियन नावाच्या छोट्या गिअरने फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाचा) व्यास सुमारे 6 इंच आहे. 1994 साली 1.8 लिटरचे इंजिन आले तेव्हा माझ्दाने तो 7 इंच केला आणि त्याबरोबर टॉर्सन प्रकारच्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद देणाऱ्या) पर्यायही दिला. माझ्या गाडीत जुना व्हिस्कस प्रकार होता. त्यात दोन्ही बाजूंच्या चकत्यांमध्ये सिलिकॉनचे घट्ट द्रव असते आणि ते जुने झाले की त्याची पकड ढिली पडत जाते. टॉर्सनमध्ये वर्मसारखे आडवे गिअर एकमेकांत अडकून, जास्त पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क पाठवतात आणि त्यात झिजणाऱ्या चकत्याच नसतात. पुढे 2004 साली माझ्दाने स्वतःच टर्बो लावून 178 अश्वशक्तीची माझ्दास्पीड एमएक्स-5 विकली, तेव्हा तिलाही सहा गिअरचा बॉक्स दिला आणि क्लच व शाफ्ट अधिक मजबूत घातले. कारखान्यालाच ते आवश्यक वाटले असेल, तर मी वेगळे काही म्हणण्याचे कारण नव्हते.

1.8 चे डिफरन्शियल 1.6 च्या गाडीत बसते, मात्र ते एकटे येत नाही. पुढच्या फ्लँजची मापे वेगळी असल्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणारा दांडा) 1.8 चा लागतो, आणि डिफरन्शियलमध्ये शिरणारी टोके वेगळी असल्यामुळे दोन्ही हाफ-शाफ्टही (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे) 1.8 चेच लागतात. चाकाकडचे खाचे मात्र तेच आहेत. म्हणून हा सगळा संच एकाच गाडीतून मिळालेला बरा. पहिल्या भंगारखान्यात ज्या डिफरन्शियलवर खडूने ‘टॉर्सन’ असे लिहिले होते, त्यात मी हाफ-शाफ्टच्या भोकातून विजेरीचा झोत टाकला, तर मधोमध आडवी पिन स्पष्ट दिसली. ही पिन साध्या, उघड्या डिफरन्शियलची खूण आहे; टॉर्सनमध्ये ती नसते. काउंटरवरच्या माणसाने खांदे उडवले आणि मी पैसे खिशात ठेवून बाहेर पडलो. खरा संच पुढे ओहायोमधल्या एका माणसाकडे मिळाला. तो स्वतःची 1.8 गाडी मोडून विकत होता.

घरी आणल्यावर डिफरन्शियल मागच्या ॲल्युमिनियमच्या आवरणातून सुटे केले आणि क्राऊन-पिनियन तपासले. त्यासाठी माझा एक मित्र आला होता. तो मूळचा कोल्हापूरचा, आणि ट्रकच्या डिफरन्शियलवर हात बसलेला. डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) पाहिला, तो 0.1 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे योग्य होता. नंतर क्राऊनच्या काही दातांना पिवळी मार्किंग पेस्ट लावून पिनियन हाताने फिरवला. दातावर उमटलेला ठसा मधोमध होता, टोकाकडे किंवा टाचेकडे सरकलेला नव्हता. “एकमेकांत मुरलेली जोडी आहे बघ, हिला आता हात लावू नकोस,” असे तो म्हणाला, आणि मीही तसेच केले. फक्त टॉर्सनचा गाभा काढून दुसऱ्या आवरणात बसवण्याचा स्वस्त मार्गही असतो, पण त्यात शिम (पातळ चकत्या) लावून हे सगळे पुन्हा जुळवावे लागते आणि माझ्या मते वाचलेले पैसे त्या त्रासाला पुरत नाहीत. पिनियनचे आणि दोन्ही बाजूंचे ऑइल सील नवे घातले, एवढेच.

क्लचच्या बाबतीत मात्र मी मुद्दाम हात आखडता घेतला. 1.6 ची क्लच प्लेट 200 मिलिमीटरची आणि 1.8 ची 215 मिलिमीटरची असते, आणि 1.8 चे फ्लायव्हील 1.6 च्या क्रँकशाफ्टवर बसते. त्यामुळे मोठा क्लच घालणे सोपे होते. प्रश्न होता तो प्लेटचा. सेरामिक बटणांची प्लेट कितीही टॉर्क पेलते, पण ती एकदम पकडते आणि हिसका जसाच्या तसा गिअरबॉक्सकडे पाठवते. मी मधल्या भागात स्प्रिंगा असलेली साधी ऑर्गॅनिक प्लेट आणि मूळपेक्षा जास्त दाबाची प्रेशर प्लेट निवडली. 180 न्यूटन-मीटरला ती आरामात पुरते, आणि कधी अतिरेक झालाच तर दात तुटण्याऐवजी प्लेट घसरेल, हे मला चालण्यासारखे होते. जास्त दाबाच्या प्रेशर प्लेटचा एक तोटा लक्षात ठेवावा लागतो. क्लच दाबताना क्रँकशाफ्ट पुढे ढकलला जातो आणि तो सगळा भार थ्रस्ट बेअरिंगवर येतो. म्हणून सिग्नलला क्लच दाबून उभे राहण्याची सवय मी सोडली आहे. आता गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो.

गिअरबॉक्स खाली काढल्यावर क्रँकचे मागचे ऑइल सील, पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग आणि क्लचचा स्लेव्ह सिलिंडर हे सगळे बदलले. पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा हा स्लेव्ह सिलिंडर या गाडीचे जुने दुखणेच आहे. जास्त जड पेडलचा दाब त्याने किती दिवस सोसला असता, हे पाहण्याची मला इच्छा नव्हती.

सगळ्यात जास्त घाम काढला तो मिशिगनच्या गंजाने. ॲक्सलचे नट खाचेत ठोकून बसवलेले असतात. ती ठोकलेली कड आधी छिन्नीने उचलावी लागते, नाहीतर नट फिरताना शाफ्टचे आटे खातो. लांब दांड्याला लोखंडी नळी जोडूनही एक नट हलेना, तेव्हा गॅस टॉर्चने तापवून, गंज सोडवणारे तेल मारून, पुन्हा तापवून तो सुटला. मग शाफ्ट हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) खाचांमध्ये गच्च बसलेला निघाला. अशा वेळी हातोडा मारण्याचा मोह होतो, पण जुना नट शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल इतका उलटा चढवून त्यावर पुलर लावला, तर आटे शाबूत राहतात. हबच्या खालचा लांब बोल्ट या गाड्यांमध्ये कुप्रसिद्ध आहे. गंजला की बुशच्या आतल्या नळीला धरून बसतो. मी त्याला हातच लावला नाही. वरचा बोल्ट काढून हब बाहेरच्या बाजूला झुकवला की शाफ्ट निघण्यापुरती जागा होते.

या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट असते, तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. टॉर्क आला की पिनियन क्राऊनवर चढू पाहतो आणि डिफरन्शियलचे नाक वर उचलले जाते. ते दाबून धरण्याचे काम ही चौकट करते. ती काढताना गिअरबॉक्सखाली जॅक ठेवणे अनिवार्य आहे, कारण तिच्याविना इंजिन दोनच माउंटिंगवर राहते आणि सगळा सांगाडा मागे कलतो. परत बसवताना बोल्ट नुसते आवळून भागत नाही. गिअरबॉक्सच्या बाजूची उंची मोजून प्रॉपेलर शाफ्टचा कोन जुळवावा लागतो. मी प्रथम बोल्ट हाताने घातले, मॅन्युअलमधल्या मापाला जॅकने उंची आणली आणि मगच टॉर्क रेंच लावला. हे माप चुकले की हायवेच्या वेगाला गाडीच्या तळातून घरघर येते आणि माणूस उगाच शाफ्टचा तोल तपासत बसतो.

डिफरन्शियलमध्ये एक लिटर जीएल-5 दर्जाचे तेल घातले; जुन्या 6 इंचीमध्ये 0.65 लिटरच मावत असे. गिअरबॉक्ससाठी मात्र मी जीएल-4 वापरतो, कारण गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझरला ते जास्त मानवते. पहिले 500 मैल गाडी शहरातच फिरवली आणि सुपरचार्जरला दाब धरू दिला नाही, जेणेकरून क्लच प्लेट नीट बसावी.

नव्या डिफरन्शियलचे गुणोत्तर 4.1 असल्यामुळे दोन गोष्टी बदलल्या. हायवेवर इंजिनाच्या फेऱ्या थोड्या उतरल्या, आणि स्पीडोमीटर सुमारे पाच टक्क्यांनी कमी वेग दाखवू लागला; खऱ्या 60 मैलांना तो 57 म्हणतो. स्पीडोमीटर जास्त दाखवत असेल तर हरकत नाही, पण कमी दाखवणारा सरळ पोलिसांकडे घेऊन जातो. गिअरबॉक्समधला प्लास्टिकचा छोटा गिअर 1.8 चा घातल्यावर आकडा जुळला.

त्यानंतर चौथ्या गिअरमधला तोच चढ पूर्ण ॲक्सिलरेटरने पार केला. सुई आणि वेग बरोबरीने वर गेले. उन्हाळा संपताना डिफरन्शियलचे तेल पुन्हा काढले, तर चुंबकावर फक्त करडा लेप होता. आता साखळीतला पुढचा कच्चा दुवा पाच गिअरचा बॉक्स आहे, हे मला ठाऊक आहे. 1999 पासूनच्या गाड्यांमधला सहा गिअरचा बॉक्स जास्त दणकट असतो. मात्र मूळ बॉक्सचा गिअर बदलतानाचा हलका, नेमका हात मला सोडवत नाही. त्यामुळे तूर्त दुसऱ्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सुटल्यावरच ॲक्सिलरेटर दाबायचा, टायर साधेच ठेवायचे आणि दर हिवाळ्यात गिअरबॉक्सचे तेल काढून चुंबक पाहायचे, असे ठरवले आहे.