क्रिएटिनिन नॉर्मल आलं, म्हणजे किडनी ठीक ना?

लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट हातात पडला की हमखास येणारा प्रश्न आहे हा. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

क्रिएटिनिन म्हणजे किडन्या रक्तातून गाळून टाकतात तो कचरा. पण नुसत्या त्या आकड्यावर निर्धास्त होऊ नका. किडन्यांचं काम जवळपास निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. शिवाय ते तयार होतं स्नायूंमधून, त्यामुळे आकडा तोच असला तरी अर्थ माणसागणिक बदलतो. समजा, १.२ आलं. पंचवीस वर्षांच्या मुलाचं असेल, तर ईजीएफआर, म्हणजे किडन्या किती गाळतात याचा वय आणि लिंग धरून काढलेला अंदाज, साधारण ८६ निघतो. पासष्टीच्या बाईंचं असेल, तर ५० च्या आसपास! ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, की त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. आणि बऱ्याच रिपोर्टवर १.२ हा नॉर्मलच छापलेला असतो, मग त्या बाई समाधानानं घरी जातात. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर आहे का बघा, नसेल तर मागून घ्या.

त्याहून जास्त राहून जाते ती लघवीची तपासणी. डायबेटिसच्या कितीतरी पेशंटची फाइल मी बघते. दर तीन महिन्यांची एचबीएवनसी (सरासरी साखरेची तपासणी) तारीखवार लावलेली, ईसीजी आहे, डोळ्यांची चिठ्ठी आहे. पण लघवीतल्या अल्ब्युमिनचा, म्हणजे किडनीतून गळणाऱ्या प्रोटीनचा, एक कागद नाही. फार जीव तुटतो. कारण डायबेटिसमध्ये बिघाडाची पहिली खूण बहुतेक वेळा तिथेच दिसते, क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी. साध्या लघवी तपासणीत प्रोटीन 'निल' आलं तरी थोडं अल्ब्युमिन त्यात पकडलंच जात नाही. त्यासाठी 'युरिन एसीआर' (लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण) असं नाव घेऊनच तपासणी सांगावी लागते. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या आत हवं.

"पण मला काहीच त्रास नाही," असं म्हणाल. सुरुवातीला नसतोच. पाय सुजणं, मळमळ, धाप हे फार उशिरा येतं, आणि तोवर हातात फारसं काही उरत नाही. लवकर कळलं तर बीपी आटोक्यात ठेवून, टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधं डॉक्टरांनी वेळेत सुरू करून आजाराचा वेग खरंच कमी करता येतो. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, किडनीला त्रास देणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही तेव्हाच थांबवता येतात.

टाइप २ डायबेटिस असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी ईजीएफआर आणि एसीआर या दोन्ही तपासण्या करा. बीपी असेल, घरात कुणाला किडनीचा आजार असेल, तरीही डॉक्टरांना विचारून करून घ्या.

एसीआरसाठी उपाशी यायची गरज नाही. सकाळची पहिली लघवी आणलीत तर उत्तम. ताप असेल, पाळी सुरू असेल किंवा आदल्या दिवशी खूप व्यायाम झाला असेल, तर थोडे दिवस थांबा. आणि एकदा जास्त आलं म्हणून घाबरून जाऊ नका. तीन ते सहा महिन्यांत पुन्हा करतात, तीनपैकी दोनदा वाढलेलं आलं तरच ते खरं धरतात.