बेथलेहेममधला मंगळवार

अमेरिकेत मुलाच्या गल्लीत चौदा घरं आहेत आणि २०२४ च्या ऑक्टोबरच्या मध्यावर मी पोचले तेव्हा त्यातल्या सहा घरांपुढच्या हिरवळीत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या पाट्या रोवलेल्या होत्या, तीन रिपब्लिकन ट्रम्पच्या, तीन डेमोक्रॅट हॅरिसच्या. रोज सकाळी फिरायला निघाले की मी त्या मोजायचे. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, त्यातल्या बऱ्याच निवडणुकांना ड्युटी केली, आधी मतदान अधिकारी आणि नंतर केंद्राध्यक्ष म्हणून, मध्ये काही वर्षं मतदार यादीचं काम बघणारी बीएलओ पण होते, त्यामुळं निवडणूक म्हणलं की माझं लक्ष आपोआप तिकडंच जातं. मुलगा म्हणाला आई तू दिवाळीला ये, आणि मी म्हणलं दिवाळी तर आहेच पण मला तुमचा ५ नोव्हेंबर, मतदानाचा दिवस, बघायचाय.

कारणही तसंच होतं. मुलगा वसंत ऋतूत शपथ घेऊन अमेरिकेचा नागरिक झाला, म्हणजे हे त्याचं तिथलं पहिलं मत. आणि राहतो कुठं तर पेनसिल्वेनियात, लीहाय व्हॅलीत, नॉर्थहॅम्प्टन काऊंटीत, काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी.

आता ह्या काऊंटीचं महत्त्व सांगते, कारण मलाही तिथं गेल्यावरच कळलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही, राज्यवार इलेक्टोरल मतं असतात, एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात, आणि मेन आणि नेब्रास्का सोडले तर ज्या राज्यात जो एका मतानं का होईना पुढं, त्याला त्या राज्याची सगळी मतं. बहुतेक राज्यं कुणाची ते आधीच ठरल्यासारखं असतं. उरतात सात, आणि त्या सातांत सगळ्यात मोठं पेनसिल्वेनिया, १९ मतांचं. २०१६ ला इथं ट्रम्प साधारण ४४ हजार मतांनी जिंकले, २०२० ला बायडेन साधारण ८० हजारांनी, आणि हे साठ-सत्तर लाख मतांमधले फरक आहेत हो. त्यातही नॉर्थहॅम्प्टन काऊंटी म्हणजे राज्याची नाडी. ओबामा, मग ट्रम्प, मग बायडेन असं तिनं देशाबरोबर कूस बदलली, आणि १९२० पासून बघितलं तर ही काऊंटी फक्त तीन वेळा चुकली, १९६८, २००० आणि २००४. त्यामुळं टीव्हीवाले, पेपरवाले, दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते, सगळे ह्याच रस्त्यांवर.

पोस्टाची पेटी रोज भरलेली असायची, गुळगुळीत रंगीत कार्डं, एका दिवशी नऊ आली. सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाची पण लढत होती, डेमोक्रॅट केसी विरुद्ध रिपब्लिकन मॅकॉर्मिक, त्यामुळं टीव्ही लावला की चार जाहिराती केसींच्या विरोधात, चार मॅकॉर्मिकच्या विरोधात, मग ट्रम्प, मग हॅरिस, आणि मग कुठं बातम्या. माझी नात सात वर्षांची, तिला त्या जाहिराती पाठ झाल्या होत्या. एवढा पैसा जाहिरातींत ओतणं मला पटलं नाही आणि ते मी तिथं सगळ्यांना सांगितलं.

ईस्टनला नातीसाठी गेलो, तिथं क्रेयोलाचं खडूंचं मोठं केंद्र आहे, पोरं दिवसभर रमतात. पण मला भावला तो तिथला मधला चौक. ८ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा लोकांना पहिल्यांदा मोठ्यानं वाचून दाखवला गेला तो तीन गावांत, फिलाडेल्फिया, ट्रेंटन आणि हे ईस्टन. त्या चौकात त्या दिवशी दोन्ही बाजूंची पोरं पत्रकं वाटत उभी होती, मधे दहा पावलांचं अंतर, कॉफी पीत. ऊन चांगलं कडक होतं. पूर्ण ऑक्टोबर पावसाचा थेंब नाही, पानं पिवळी होऊन कडकडीत वाळलेली, चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज.

बेथलेहेममध्ये मात्र मी तीनदा गेले. मोरेव्हियन ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७४१ ला वसवलेलं गाव, त्यांची दगडी घरं तशीच जपलेली, त्या वसाहतीला २०२४ च्या जुलैमध्येच युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आणि नदीच्या दक्षिणेला बेथलेहेम स्टील, पोलादाचा जुना कारखाना. गोल्डन गेट पुलाचं पोलाद इथलं. पाच झोतभट्ट्या अजून उभ्या आहेत, काळ्या-तांबूस, देवळाच्या शिखरापेक्षा उंच, आणि त्यांच्या बाजूनं एक उंचावरचा पादचारी मार्ग केलाय, फुकट, कुणीही चालत जावं. १९९५ ला भट्ट्या विझल्या, २००१ ला कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, आणि आता त्याच जागेवर गाण्यांचे कार्यक्रम होतात आणि शेजारी कॅसिनो आहे. त्या मार्गावर उभं राहिल्यावर मला आमचे चुलते आठवले, साताऱ्याहून परळला गिरणीत गेलेले, ८२ च्या संपानंतर परत आले ते कायमचे. आज तिथंही मॉल आहे.

मुलाच्या शेजारी एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, त्यांचे मालक त्या स्टीलमध्ये होते. घरात कायम डेमोक्रॅट, युनियनचं घर. २०१६ ला त्यांनी ट्रम्पना मत दिलं, २०२० ला बायडेनना, आणि ह्या वेळी त्या सांगत नव्हत्या. मला एवढंच म्हणाल्या की भट्ट्या विझायला लागल्या तेव्हा दोन्ही पक्षांचे लोक येऊन आश्वासनं देऊन गेले होते. त्यांचं बोलणं मी फार लक्ष देऊन ऐकलं, कारण टीव्हीवर ‘कामगार मतदार’ म्हणून जे रोज चालायचं त्यात असं काही ऐकायला मिळालं नाही.

ह्याच आजींनी मला टपाली मताचा लिफाफा दाखवला. २०१९ च्या कायद्यानं इथं कुठलंही कारण न देता टपालानं मत देता येतं. मतपत्रिका आधी एका आतल्या गुप्त लिफाफ्यात, मग तो बाहेरच्या लिफाफ्यात, बाहेरच्यावर सही आणि स्वतःच्या हातानं तारीख. आतला लिफाफा विसरलात तर मत बाद, त्याला तिकडं ‘नेकेड बॅलट’ म्हणतात. तारखेवरून तर कोर्टात कितीतरी खटले झालेत. आजींनी तीन वेळा तपासून मग चिकटवला. आणि हे लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडायलाच बंदी, म्हणून तर २०२० ला मंगळवारी मतदान होऊन निकाल शनिवारी कळला होता आणि त्या चार दिवसांत नाही नाही त्या अफवा उठल्या. मतमोजणीत उशीर झाला की संशय येतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लिफाफे नुसते उघडून सरळ करून ठेवायला दोन दिवस आधी परवानगी दिली असती तर एवढं रामायण झालं नसतं, पण तो कायदा काही बदलला नाही.

२९ ऑक्टोबरला ॲलनटाऊनला ट्रम्प यांची सभा होती. आम्ही सभेत गेलो नाही, दुपारी गाडी लांब लावून हॅमिल्टन स्ट्रीटवरून चालत गेलो, रांग एवढी की टोक दिसेना, लाल टोप्या, लहान मुलं, व्हीलचेअरवरचे आजोबा, टोप्या विकणारे फेरीवाले, अगदी आपल्या सभेबाहेर असतं तसं. आणि दुसऱ्या बाजूला पोर्तो रिकोचे झेंडे. दोनच दिवस आधी ट्रम्प यांच्याच न्यूयॉर्कच्या सभेत एका विनोदी कलाकारानं पोर्तो रिकोला समुद्रात तरंगणारा कचरा म्हणलं होतं, आणि ॲलनटाऊनमध्ये निम्म्याहून जास्त लोक लॅटिनो, त्यात पोर्तो रिकोचे भरपूर. मुलानं सांगितलं की पोर्तो रिको बेटावर राहणारा माणूस अमेरिकेचा नागरिक असूनही राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकत नाही, पण तोच इथं ॲलनटाऊनला येऊन राहिला की देऊ शकतो. माणूस तोच, नागरिकत्व तेच, आणि मत मात्र पत्त्यावर अवलंबून! एक बाई गळ्यात झेंडा बांधून उभी होती, तिच्याकडं बघून मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. पण त्याच रांगेत पोर्तो रिकोचे ट्रम्पसमर्थक पण होते, हेही मी पाहिलं.

३१ ला लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आलं. त्याच महिन्यात गव्हर्नर शपिरो यांनी दिवाळीला राज्याचा अधिकृत सण म्हणून मान्यता देणाऱ्या कायद्यावर सही केली होती, सुनेला त्याचं फार कौतुक. आम्ही दारात पणत्या लावल्या, पोरं भुतांचे कपडे घालून चॉकलेट मागायला आली, आणि मधेच दोन कार्यकर्ते यादी घेऊन आले, मुलाचं नाव विचारत. त्यांना मी चकली दिली. त्यातली एक मुलगी ओरेगनहून स्वतःच्या खर्चानं आली होती, तिच्या राज्यात लढतच नाही म्हणून इथं दारं ठोठवायला.

शनिवारी फिलाडेल्फियाला गेलो. इंडिपेंडन्स हॉलमधली ती खोली अगदी साधी, हिरवी कापडं घातलेली टेबलं आणि त्यांच्यावर पिसांची लेखणी. इथंच १७७६ चा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना झाली, आणि राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी न निवडता इलेक्टरांनी निवडायचा हेही ह्याच खोलीत ठरलं. मी बराच वेळ त्या कठड्याला धरून उभी होते. त्या उन्हाळ्यात इथं घासाघीस करून जो मार्ग काढला त्याच्यामुळं आज शेजारच्या आजींच्या दारावर आठवड्याला अकरा माणसं येतात आणि कॅलिफोर्नियातल्या आजींच्या दारावर एकही नाही.

आता मंगळवार. मतदानाला सुट्टी नाही. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, हे १८४५ च्या कायद्यानं ठरलेलं, तेव्हाच्या शेतकऱ्यांच्या सोयीनं, आणि आज लोक कामावर जायच्या आधी पहाटे रांगेत उभे. सकाळी ७ ते रात्री ८. आमचं केंद्र एका चर्चच्या हॉलमध्ये होतं. मला आत जाता येणार नव्हतं, मी बाहेर बाकावर बसले, आणि तिथंच मला पहिला धक्का बसला, दारापासून १० फुटांवर दोन्ही पक्षांचे लोक पत्रकं वाटत होते. दहा फूट! आपल्याकडं १०० मीटरच्या आत कुणी चिन्हाचा बिल्ला लावून आला तरी मी केंद्राध्यक्ष म्हणून त्याला बाहेर काढलेलं आहे.

पण दुसरी गोष्ट ऐकून मात्र मनापासून आनंद झाला. तिथला केंद्राध्यक्ष, त्याला ‘जज ऑफ इलेक्शन’ म्हणतात, तो त्या केंद्रातल्या मतदारांनीच चार वर्षांसाठी निवडून दिलेला असतो, आणि त्याच्या जोडीला दोन निरीक्षक, तेही निवडून दिलेले. आमच्या केंद्रावर एक निवृत्त नर्सबाई होत्या. दुपारी त्या हवा खायला बाहेर आल्या, मी सांगितलं की मीही हेच काम केलंय, आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन यंत्रं घ्यायची, एसटीनं गावात, शाळेच्या फरशीवर झोपायचं, पहाटे एजंटांसमोर अभिरूप मतदान, ५० मतं टाकून दाखवायची. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, किती तास? मी म्हणलं दोन दिवस धरा. त्या म्हणाल्या माझे आज सतरा होतील.

ह्या काऊंटीत मोठ्या पडद्याची यंत्रं आहेत, बोट लावलं की काचेमागं कागद छापून येतो, बघून मगच मत टाकायचं, आपल्या व्हीव्हीपॅटसारखं. २०१९ ला न्यायाधीशाच्या निवडणुकीत ह्याच यंत्रांनी एका उमेदवाराला जवळजवळ मतंच दाखवली नव्हती, आणि कागद मोजल्यावर तोच जिंकलेला निघाला. कागद होता म्हणून. ही गोष्ट मी साताऱ्यात आल्यापासून दहा जणांना तरी सांगितली असेल.

मुलगा चाळीस मिनिटांनी बाहेर आला. त्या केंद्रावर पहिल्यांदाच मत देणाऱ्याला ओळखपत्र दाखवावं लागतं, बाकीच्यांची फक्त सही, त्यामुळं त्याचं दाखवून झालं. शर्टावर ‘मी मत दिलं’ चं गोल स्टिकर. बोटाला शाई नाही. मी सवयीनं त्याचा डावा हात बघितलाच.

रात्री ८ नंतर आम्ही परत गेलो. यंत्रातून निघालेली निकालाची लांब पट्टी केंद्राच्या दारावर चिकटवतात, कुणीही वाचावी, आपला मतांच्या हिशोबाचा नमुना १७-सी एजंटाच्या हातात जातो तसा इथं दारावर. सात-आठ माणसं मोबाईलचा उजेड पाडून वाचत होती, त्यात ट्रम्पवालेही आणि हॅरिसवालेही, कुणी मोठ्यानं आकडे वाचत होतं, कुणी वहीत लिहून घेत होतं. भांडण नाही, आवाज नाही. नर्सबाई सामान गाडीत भरत होत्या, त्यांनी लांबून हात केला.

मध्यरात्रीनंतर दोन वाजून गेल्यावर पेनसिल्वेनिया ट्रम्प यांच्या बाजूनं जाहीर झालं, साधारण १ लाख २० हजारांनी. सातही राज्यं त्यांनाच गेली. आमची नॉर्थहॅम्प्टन काऊंटीही त्यांच्याच बाजूला. सून बराच वेळ गप्प बसून होती. सकाळी फिरायला गेले तर पाट्या सहाच्या सहा होत्या, शेजारच्या आजी झाडत होत्या, म्हणाल्या पाऊस कधी येणार कुणास ठाऊक.

१७ ला मी परत निघाले, कारण २० नोव्हेंबरला आपली विधानसभा. साताऱ्यात सकाळी साडेसातलाच शाळेत जाऊन उभी राहिले. मुलाचं नाव वगळायचा नमुना ७ मीच उन्हाळ्यात भरून दिला होता, पूर्वी दुसऱ्यांचे कितीतरी भरून घेतलेत तसाच. टेबलावरच्या पोरीनं यादीत बोट फिरवत नेलं. यांचं नाव, माझं नाव, आणि त्याच्या खाली शेजारचे जाधव सुरू झाले.