आमची वाटचाल : आहे त्याच गोदामात

आमचा माल तीन-साडेतीन महिन्यांत येतो आणि वर्षभर विकला जातो. फेब्रुवारीअखेर काजूबी सुरू होते, एप्रिलमध्ये रातांबे (कोकमाची फळं), मेमध्ये आंबापोळीची गडबड, आणि मिरगाआधी सगळं छपराखाली आलंच पाहिजे. त्यामुळे वेंगुर्ल्यातल्या आमच्या या छोट्या धंद्यात सगळ्यात जास्त डोकं खातं ते गोदाम. जूनमध्ये आत पाय ठेवायला जागा नसते, पुढच्या फेब्रुवारीत तिथे क्रिकेट खेळता येतं.

सुरुवात सासूबाईंनी घरच्या पडवीत केली. आमसुलं, आगळ (रातांब्याचा मीठ घातलेला रस), थोडे काजूगर. मुंबईची गिऱ्हाइकं वाढली तसं रस्त्यालगत चिऱ्याचं गोदाम बांधलं, 40 बाय 30 फूट, उंची 14 फूट. काही हंगामांत तेही पुरेना आणि आम्ही हायवेच्या बाजूला भाड्याची जागा बघू लागलो. भाडं एक वेळ परवडलं असतं. दोन ठिकाणची राखण, दोनदा चढ-उतार आणि भर पावसात टेम्पोच्या फेऱ्या परवडल्या नसत्या.

तेव्हाच आमच्याकडचे जुने हमाल आढ्याकडे बघत म्हणाले, "वरची जागा काय देवचारासाठी ठेवलेली आसा?" देवचार म्हणजे आमच्याकडचा राखणदार भूत.

हिशेब मांडला. जमीन 1200 चौरस फूट, पण आतली एकूण जागा 16,800 घनफूट. माणूस हाताने थप्पी लावतो ती पाचेक फुटांपर्यंत. म्हणजे जमीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरली तरी 6000 घनफूट, त्यातून ये-जा करायच्या वाटा वजा. भाड्याने शोधत होतो ती जागा आमच्याच डोक्यावर होती.

वर चढायचं तर रॅक हवेत. साध्या लोखंडी अँगलचे स्वस्त पडतात, पण इथे खारी हवा आणि त्यात आगळाचं मीठ. कॅनच्या झाकणाखालून ओघळलेला आगळ बोल्टपाशी साचला की लोखंडाला पोपडे धरतात. म्हणून गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेले, घेतले, आणि आगळाचे कॅन तरीही रॅकवर चढवत नाही. ते खाली, प्लास्टिकच्या पॅलेटवर. लाकडी फळ्या इथे वाळवीच्या तोंडी जातात. काजूबीची 80 किलोची गोणीही खालीच. ती वर चढवायला सांगितली तर हमाल दुसऱ्या दिवशी येणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

मग वर काय गेलं? रिकाम्या बाटल्या. सगळ्यात जास्त जागा त्याच अडवून बसल्या होत्या. वजन काही नाही, पण पोती भरभरून नुसती हवा साठवायची. आता मागच्या एक तृतीयांश भागात पोटमाळा काढलाय, तिथे बाटल्या, झाकणं, घडीचे खोके. शिवाय वर्षाचा माल एकदम न मागवता कोल्हापूरहून थोडा थोडा मागवतो. फक्त जून ते ऑगस्टचा साठा आधीच भरून ठेवावा लागतो. घाटात दरड आली की गाडी कधी उतरेल ते सांगता येत नाही.

आता जागेबद्दल घाटावरच्या व्यापाऱ्यांना न पटणारी गोष्ट. आम्ही भिंतीला माल टेकवत नाही. चारही बाजूंनी दोन फूट रिकामे. पाहुणे म्हणतात, केवढी जागा फुकट घालवता! पावसाळ्यात चिऱ्याला ओल चढते. टेकलेली गोणी बाहेरून ठणठणीत दिसते आणि पाठीमागून बुरशी धरते. त्या दोन फुटांतून हवा खेळते, झाडू फिरतो आणि उंदीर शिरलाय का ते दिसतं. बी नीट वाळलेली असेल तरच गोणी आत घेतो. नखाने दाबून खूण उमटली तर परत खळ्यावर. अर्धवट वाळलेल्या एका गोणीपायी सगळी थप्पी मोडून पुन्हा लावण्यासारखी जागेची आणि वेळेची नासाडी नाही.

खोक्यांचंही तेच. मेमध्ये सहा थर पेलणारा पुठ्ठा जुलैत दमट होऊन बसतो, तळातला खोका फुगतो. म्हणून पावसात चारच थर. उंची कागदावर कितीही असो, पुठ्ठा पेलेल तेवढीच आपली.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा हंगामाचा माल आत होता. आढ्याजवळचे दोन पत्रे उचकटले. जमिनीवर पाणी आलं, पण पॅलेटवरचा माल वाचला. रॅकचा वरचा खण मात्र भिजला. तेव्हापासून वरच्या खणावर आंबापोळी ठेवत नाही आणि मेच्या पहिल्या आठवड्यातच वर ताडपत्री बांधतो.

वाटा सहा फुटांवरून चार फुटांवर आणल्या. हातगाडी वळते, तेवढं पुरे. प्रत्येक खणाला पाटी, तीवर खडूने माल आणि भरल्याची तारीख. जुनं आधी बाहेर. श्रावण लागला की मांडणी बदलते. चतुर्थीला आलेले चाकरमानी परतताना काजू, आगळ, आमसुलं नेतात, ती दाराजवळ येतात. बाकीचं मागे.

आता दुसऱ्या गोदामाचा विषय निघत नाही. जानेवारीनंतर रिकामा होणारा पुढचा भाग ओळखीच्यांना वापरायला देतो, मंडपवाल्याच्या खुर्च्या असतात बहुतेक. एकदा शेजाऱ्यांनी सुक्या मासळीसाठी विचारलं. काजूगर वास लगेच धरतात, तेव्हा हात जोडले. त्यांनी राग धरला नाही. चतुर्थीनंतर सुका बांगडा घरपोच आला, तो स्वयंपाकघरात ठेवला.