'चौघीजणी', या वयात

'चौघीजणी', म्हणजे मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार मार्च बहिणींची कादंबरी, वाचलेल्या दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला, तू यातली कोण? आणि उत्तरही ठरलेलं, ज्यो. मेग कोणाला व्हायचं नसतं, बेथ व्हायची हिंमत नसते, आणि मी एमी असं म्हणणारी तर मला आजवर भेटलेली नाही. शांता शेळक्यांनी लुइसा मे अल्कॉटचं 'लिट्ल विमेन' मराठीत आणलं आणि आमच्यासारख्या किती जणींच्या मे महिन्याच्या सुट्ट्या गच्चीवर पापड-कुरडयांची राखण करत मॅसॅच्युसेट्सच्या बर्फात गेल्या. मी अर्थातच ज्यो होते. ती माळ्यावर बसून सफरचंदं खात कादंबऱ्या वाचते, आमच्याकडे माळा होता पण सफरचंद म्हणजे दवाखान्यात कोणाला भेटायला जाताना न्यायची वस्तू, तेव्हा मी पेरूवर भागवलं.

मध्यंतरी भाचीने २०१९ चा ग्रेटा गर्विगचा सिनेमा बघितला आणि फोन आला, "मावशी, याचं पुस्तक तुझ्याकडे आहे ना?" द्यायच्या आधी जरा चाळू म्हणून काढलं आणि मग ते देणं राहूनच गेलं, कारण मीच वाचत बसले. आणि मजा म्हणजे ज्योकडे माझं फारसं लक्षच जाईना.

सगळ्यात आधी डोळ्यांवर आले ते पैसे. लहानपणी हे पुस्तक म्हणजे शेकोटी, नाटकं, बहिणींची भांडणं, नाताळची न्याहारी उचलून गरीब हमेल कुटुंबाला देऊन येणं, असं सगळं ऊबदार वाटायचं. आता बघते तर पहिल्याच पानावर मुली कुरकुरतायत की प्रेझेंट्स नाहीत तर कसला नाताळ, आणि प्रत्येकीकडे एकेक डॉलर आहे. सोळा वर्षांची मेग दुसऱ्यांची मुलं सांभाळते, पंधरा वर्षांची ज्यो तिरसट मार्चआत्याकडे रोज हजेरी लावते. ज्यो केस विकते ते पंचवीस डॉलरना, आकडासुद्धा लेखिकेने दिलाय. पुढे मेगचं लग्न झाल्यावर ती श्रीमंत मैत्रिणीच्या नादाने पन्नास डॉलरचं रेशीम घेऊन बसते आणि नवरा बिचारा काही न बोलता आपल्या ओव्हरकोटची ऑर्डर रद्द करतो. मग मेग मान खाली घालून त्याच मैत्रिणीला ते रेशीम विकते आणि त्या पैशात त्याचा कोट आणते. शाळेत असताना हा भाग मी भराभर पानं उलटत संपवला असणार, कारण काही म्हणजे काही आठवत नव्हता. आता वाचताना पोटात गलबललं.

लिंबांचं प्रकरण मात्र तेव्हाही आवडायचं. एमीच्या शाळेत मुरवलेल्या लिंबांची फॅशन असते, कोणाकडे किती यावर मैत्रिणी ठरतात, पेन्सिल नाहीतर मण्याची अंगठी देऊन लिंबू मिळतं, आणि ज्याचं खाल्लं त्याला परत द्यायचं असा कडक रिवाज. एमीवर डझनभर लिंबांची उधारी चढलेली असते. मेग तिला पैसे देते, ती चोवीस लिंबं आणते, वाटेत एक खातेही, आणि मास्तरांनी लिंबांवर बंदी घातलेली असताना डेस्कमध्ये लपवते. कोणीतरी चहाडी करतं. मग दोन दोन करून सगळी लिंबं खिडकीबाहेर फेकायला लावतात, हातावर छडी बसते आणि मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांसमोर उभं राहायचं. वेस्ट इंडीजमधून पिंपात मिठाच्या पाण्यात बुडवून येणारी ही लिंबं, मी आपली आजीच्या बरणीतल्या उपासाच्या लिंबाची चव त्याला लावून वाचायचे आणि तोंडाला पाणी सुटायचं. आता लक्ष गेलं ते त्यानंतर आई काय करते याकडे. ती शाळेत जाऊन भांडत नाही, एमीला सरळ शाळेतून काढून घेते, मारून शिकवणं मला पटत नाही म्हणते, आणि लगेच पुढे हेही सांगते की नियम तू मोडलास, लिंबं गेली त्याचं मला वाईट वाटत नाही. हे पुस्तक आलं १८६८ साली! आमच्या शाळेत मुलाला छडी बसली की पालक येऊन आणखी दोन द्या म्हणायचे.

आणि ही आईच मला या खेपेला सगळ्यात जास्त भेटली. तेव्हा ही आई, मुलींची मार्मी, म्हणजे एकदम शांत, समंजस, थोडी बोअरच. पण एमी ज्योची गोष्टी लिहिलेली वही जाळते, ज्यो तिच्याशी बोलत नाही, रागाच्या भरात बर्फ पातळ आहे हे तिला सांगत नाही आणि एमी बर्फ फुटून पाण्यात पडते, त्या रात्री ज्यो आईजवळ रडत बसते तेव्हा आई तिला सांगते की मीसुद्धा जवळजवळ रोज रागावते, चाळीस वर्षं त्यावर उपाय करतेय आणि फक्त दाखवायचा नाही एवढंच जमलंय. बाप रे. हे वाक्य मी तेव्हा वाचलं नव्हतं का? वाचलं असणार, पण तेव्हा आई रागावलेली असणं आणि तिने ते दाबून ठेवलेलं असणं ही आपल्या डोक्यात शिरणारी गोष्टच नव्हती. आता चार माणसांचा स्वयंपाक, ऑफिस आणि सोसायटीची मीटिंग सांभाळून हसतमुखाने चहा विचारणाऱ्या कोणालाही विचारा.

भाचीने सिनेमा बघून नेमकं बोट ठेवलं होतं. "मावशी, यांचे बाबा नक्की करतात काय गं?"

बाबा अमेरिकेतल्या यादवी युद्धावर आहेत. धर्मोपदेशक म्हणून गेलेत, पत्रं पाठवतात, परत येतात आणि मग अभ्यासिकेत बसतात. एवढंच. लुइसाच्या खऱ्या वडिलांबद्दल वाचलं की हे असं का ते कळतं. ब्रॉन्सन अल्कॉट म्हणजे मोठे विचारवंत, तत्त्वज्ञ लेखक एमर्सनचे मित्र, पण त्यांच्या हातात पैसा टिकायचा नाही. बोस्टनमधली शाळा बंद पडली, मग १८४३ मध्ये 'फ्रूटलँड्स' नावाचं आदर्श गाव वसवायला निघाले, जिथे मांस नाही, दूध नाही, लोकर नाही, गुलामांच्या कष्टातून येतो म्हणून कापूससुद्धा नाही. लुइसा तेव्हा दहा वर्षांची. पुरुषमंडळी तत्त्वचिंतनात आणि राबायला आई, सात-आठ महिन्यांत सगळं गुंडाळलं. पुढे घर चाललं ते बायकांच्या शिवणकामावर, शिकवण्यांवर आणि लुइसाच्या लेखणीवर. अशा बापाचं कादंबरीत करायचं काय? त्यांच्यावर तिचं प्रेमही होतं. मला वाटतं तिने फार हुशारीने त्यांना युद्धावर पाठवून दिलं, म्हणजे मान राहिला आणि मध्ये मध्ये यायचा प्रश्नही मिटला.

कारण युद्धावर खरी गेली होती ती स्वतः. १८६२ च्या शेवटी ती वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउनच्या लष्करी हॉस्पिटलात नर्स म्हणून गेली, काही आठवड्यांतच टायफॉइड झाला, घरी तार गेली आणि वडील तिला आणायला गेले. त्या आजारात तिचे लांब केस कापावे लागले. आता हे कादंबरीत लावून बघा, तार येते ती वडील आजारी असल्याची, वॉशिंग्टनला जाते ती आई, आणि ज्यो केस कापते ते वडिलांसाठी पैसे उभे करायला. एकेक तुकडा तोच, फक्त माणसं हलवलेली. हे कळल्यावर मी तो केसांचा प्रसंग पुन्हा काढून वाचला आणि रात्री ज्यो केसांसाठी मुसमुसते तिथे जरा जास्तच वेळ थांबले. बेथचंही तसंच. लुइसाची खरी बहीण एलिझाबेथ गरिबाघरच्या मुलांकडून आलेल्या स्कार्लेट फीव्हरने खंगत गेली आणि १८५८ मध्ये वारली, पण पुस्तकाच्या पहिल्या भागात लुइसाने तिला वाचवलंय. दुसरा भाग १८६९ चा, तिथे मात्र तिचाही इलाज चालला नाही.

गंमत म्हणजे तिला हे पुस्तक लिहायचंच नव्हतं. मुलींसाठी काहीतरी लिहा म्हणून संपादक मागे लागला, सुरुवातीची प्रकरणं तिलाही कंटाळवाणी वाटली आणि त्यालाही. तरी त्याच्याच सल्ल्याने तिने कॉपीराइट विकला नाही आणि त्यावर आयुष्यभराची ददात मिटली. इतका हिशोबी शेवट तर ज्योच्याही वाट्याला आला नाही.

ज्योच्या वाट्याला आले प्रोफेसर बेअर. मागणी घालणाऱ्या शेजारच्या लॉरीला नाही म्हणून हा छत्रीवाला जर्मन, यावरून आम्ही मैत्रिणी शाळेत कडाकडा भांडलोय. लुइसाने एका पत्रात लिहिलंय की ज्योने खरं म्हणजे लग्न न करता लेखिका म्हणूनच राहायला हवं होतं, पण लॉरीशी तिचं लग्न लावा म्हणून मुलींची इतकी पत्रं आली की तिने मुद्दाम खोडसाळपणे हा विचित्र जोडा जुळवला. म्हणजे आमच्यासारख्याच मुलींनी तिला वैताग आणला होता. भाचीचंही शेवटी त्यावरच अडलं. "मावशी, तो लॉरी सोडून हा म्हातारा कशाला गं?"

म्हातारा! ज्यो घरी पत्रात लिहिते त्याप्रमाणे बेअर चाळिशीच्या आसपासचा आहे. मी पुस्तक उघडून वय पुन्हा तपासलं. फाटक्या मोज्यांना स्वतः रफू करतो, पोरांना खांद्यावर घेतो, कोणी भंपक बोललं तर तोंडावर खोडून काढतो. माझ्यापेक्षा चांगला लहानच आहे की हा. भाचीला म्हटलं, तू आधी वाच, वीसेक वर्षांनी परत बोलू.