मोंढ्याची पट्टी आणि ॲपचा प्लॅटफॉर्म : माझा अनुभव

‘आमची टीम लवकरच आपल्याशी संपर्क साधेल.’ २०२४ च्या सप्टेंबरात हे एकच वाक्य मी १९ दिवस वाचत होतो. मोबाइल ॲप कशात बनवायचं हा माझा निर्णय त्या १९ दिवसांत अडकून पडला होता, आणि तिकडे सोयाबीनची आवक तोंडावर आली होती. अजूनही ते आठवलं की डोकं तापतं. मोंढ्यासाठी म्हणजे शेतमालाच्या बाजारासाठी, दूध संकलनासाठी, खताच्या दुकानासाठी कोणी असं काही बनवत असेल, तर निदान त्याचे तरी दिवस वाचावेत म्हणून लिहितोय.

मामांची उदगीरच्या मोंढ्यात अडत आहे, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देण्याचं दुकान. माल आला की सौदा होतो, काटा होतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव, हमाली आणि बाकीची कपात, खाली निव्वळ रक्कम. मुनीमकाका हे सगळं हातानं लिहितात आणि हंगामात रात्री उशिरापर्यंत बेरजा जुळवत बसतात. मामा म्हणाले, “तू यातलं शिकलायस, मोबाइलवर होईल असं कर. पण पट्टी मराठीत निघाली पाहिजे. आपल्या माणसाला वाचता आली पाहिजे.”

अट एवढीच होती. सगळ्यात अवघडही तीच आहे, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मित्रांना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एक म्हणाला फ्लटर, एक म्हणाला रिॲक्ट नेटिव्ह (दोन्ही ॲप बनवायची साधनं), तिसऱ्याचं म्हणणं साधं वेब पान कर, ॲप कशाला हवं. मला जावास्क्रिप्ट भाषा येत होती आणि रिॲक्ट नेटिव्ह तिच्यातच लिहितात, त्यामुळे मन तिकडे झुकलं. फेसबुकनं ते २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि त्यात पडद्यावर फोनची स्वतःची बटणं दिसतात. फ्लटर गूगलचं, पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ ची. ते फोनची बटणं न वापरता सगळा पडदा स्वतःच रंगवतं, पण त्यासाठी डार्ट भाषा शिकावी लागते. कॉटलिन भाषा ही खास अँड्रॉइडची वाट. गूगलनं २०१७ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून पहिली पसंती. ती वाट मी सुरुवातीलाच बाजूला ठेवली होती, कारण सगळे सांगत होते, एकदाच लिही आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हीकडे चालव.

रिॲक्ट नेटिव्हमध्ये चार दिवसांत पडदे तयार झाले. शेतकरी निवडा, माल निवडा, वजन टाका, हिशेब समोर. मामा खूश, मी खूश. मग प्रिंटर आला.

५८ मिलिमीटरच्या कागदाचा, हातात मावणारा ब्लूटूथ प्रिंटर. खोक्यावर ठळक अक्षरांत हिंदी चालेल असं लिहिलेलं. पहिली पट्टी पाठवली तर कागदावर चिनी अक्षरं. दुसऱ्यांदा पाठवली, तीच चिनी अक्षरं. विकणाऱ्या कंपनीला ईमेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं : हिंदीसाठी वेगळं किट (ॲपमध्ये जोडायचा तयार कोड) आहे, तुम्ही कोणत्या प्लॅटफॉर्मवर काम करता? मी कळवलं, रिॲक्ट नेटिव्ह. पुन्हा चार दिवस ते लवकरच संपर्क साधणारं वाक्य. मग उत्तर : रिॲक्टसाठी किट नाही, फ्लटरसाठी आहे, पाठवतो.

इथे माझी चूक झाली. त्या एका ओळीच्या भरवशावर मी केलेलं काम बाजूला ठेवून डार्ट शिकायला बसलो. माझ्या ॲपचा प्लॅटफॉर्म प्रिंटर विकणाऱ्या कंपनीचा ईमेल ठरवू लागला होता, आणि मी तो ठरवू दिला. आठवडा गेला. रोज सकाळी आधी ईमेल उघडायचो, मग चहा. फोन लावला की तिकडचा मुलगा म्हणायचा, “सर, तिकीट वरती पाठवलंय.” तिकीट म्हणजे माझी तक्रार. वरती म्हणजे कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मामांचा फोन यायचा, “काय करलालास रे इतके दिवस? माल यायला लागल्यावर दाखवणार का?” त्यांना काय सांगणार?

शेवटी किट आलं. तेही फ्लटरचं नव्हे, साध्या अँड्रॉइडचं आणि बरंच जुनं. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ वापरायला ‘जवळची उपकरणं’ ही वेगळी परवानगी वापरणाऱ्याकडून मागावी लागते. किट त्या आधीचं होतं, त्यामुळे माझ्या फोनवर ॲप उघडताच बंद पडायचं. ती परवानगी मी स्वतः जोडली आणि पट्टी काढली. चिनी अक्षरं गेली आणि देवनागरी आली, पण कशी? ‘किलो’मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसलेली. आणि सगळ्यात वरच्या ओळीत ‘शेतकऱ्याचे नाव’ यातला ऱ्या फुटलेला, र सुटा, पाय मोडलेला, या वेगळा. प्रत्येक पट्टीवरचा पहिलाच शब्द तो! फोन करून सांगितलं तर उत्तर मिळालं, “पण सर, हिंदी तर बरोबर येतेय ना?” मी म्हटलं, हा ऱ्या हिंदीत नसतो, मराठीत असतो, युनिकोडमध्ये त्यासाठी ऱ वेगळा दिलेला आहे. तो म्हणाला, “सर, देवनागरी एकच ना.” शेतकऱ्याच्या हातात जाणाऱ्या कागदावर ‘शेतकरी’ हाच शब्द मोडका छापायचा, हे मला मान्य नव्हतं आणि आजही नाही.

विसाव्या दिवशी मी वाट पाहणं सोडलं आणि प्रिंटरला नेमकं काय समजतं ते वाचायला बसलो. हे प्रिंटर ईएससी-पीओएस नावाच्या आज्ञा पाळतात, मूळ एप्सन कंपनीच्या. त्यांना अक्षर म्हणजे आतल्या तक्त्यातला एक क्रमांक. जोडाक्षर, वेलांटी, रफार यातलं काही ठाऊक नसतं. माझ्या प्रिंटरचा तक्ता चिनी होता, म्हणून मराठीचे बाइट चिनी होऊन उमटत होते. पण त्याच आज्ञांमध्ये एक आज्ञा चित्र छापायची आहे. कागदाच्या रुंदीत ३८४ ठिपके, ८ ठिपक्यांचा एक बाइट, म्हणजे दर ओळीला ४८ बाइट. ठिपका काळा तर १, पांढरा तर ०. झालं, एवढंच.

म्हणजे पट्टी फोनमध्येच चित्र म्हणून काढायची. फोनला मराठी अक्षरं उत्तम जुळवता येतात, रोज आपण वाचतोच की. ते चित्र काळंपांढरं करायचं आणि पाठवून द्यायचं. कुठलंच किट लागत नाही! १९ दिवस ज्या फाइलची वाट पाहिली तिची गरजच नव्हती. पहिलं चित्र ‘निव्वळ’पाशी येऊन थांबलं, कारण स्वस्त प्रिंटरची आतली जागा थोडी असते. चित्राचे २४-२४ ओळींचे तुकडे करून मध्ये किंचित थांबत पाठवलं, तेव्हा अख्खी निघाली. ऱ्या नीट होता. रात्रीचा एक वाजला होता, मी आईला उठवून दाखवली.

मग प्लॅटफॉर्म निवडणं सोपं झालं. तेच एक काम प्रत्येकात करून पाहायला दोन-दोन दिवस दिले. वेब लगेच बाद, कारण त्या वेळी फोनच्या क्रोममधल्या पानाला फक्त नव्या, कमी ऊर्जेच्या ब्लूटूथशी बोलता यायचं आणि माझा प्रिंटर जुन्या पद्धतीचा होता. रिॲक्ट नेटिव्हमध्ये पडद्याचं चित्र काढता आलं, पण ब्लूटूथसाठी जी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, मिळाली तिला कोणी हात लावून काळ लोटला होता. फ्लटरनं चित्र सगळ्यात सुरेख काढलं, पडद्यावर न दाखवताही. ब्लूटूथचा तुकडा मात्र तिथेही शेवटी कॉटलिनमध्ये लिहून जोडावा लागला. दोन्हीकडे अवघड काम कॉटलिनमध्येच, मग मधला पूल कशाला बांधायचा? कॉटलिनमध्ये चित्र, ब्लूटूथ, परवानगी सगळं एका जागी, साधारण १६० ओळींत बसलं. पडदे जेटपॅक कंपोझमध्ये, म्हणजे कॉटलिनमधल्या पडदे बनवायच्या साधनात, पुन्हा केले.

आयफोनचं काय, असं पुण्याच्या मित्रानं विचारलं. मी आमच्या ओळीतल्या १४ दुकानांत फिरून पाहिलं, एकाही गादीवर आयफोन नव्हता. शिवाय त्यासाठी मॅक लागतो आणि ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर. निम्म्या दुकानांत आयफोन असते तर मी फ्लटरच घेतलं असतं, त्याबद्दल मनात शंका नाही. नुसते फॉर्म भरायचे आणि सर्व्हरला पाठवायचे असतील, तर जी भाषा येते तिच्यातलं घ्या, आठवडाभर तुलना करत बसू नका. पण ॲपला प्रिंटर, काटा, स्कॅनर असं काही जोडायचं असेल तर पडदे बनवण्याआधी ते जोडून पाहा. मी उलटं केलं आणि चार दिवसांचे पडदे फेकून दिले.

आठवलं म्हणून इथेच सांगतो, पैसे पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये पूर्ण आकड्यांत साठवा. जावास्क्रिप्ट असो, डार्ट असो की कॉटलिन, दशांशात ०.१ आणि ०.२ ची बेरीज बरोबर ०.३ येत नाही, आणि अडतीवर एक पैसा चुकला तरी मुनीम ॲप बंद करून वही उघडतो.

प्ले स्टोअरचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं उघडलं असेल तर आधी सलग १४ दिवस ठरावीक लोकांकडून चाचणी करून घ्यावी लागते. मला २० जण लागले, डिसेंबर २०२४ पासून ती संख्या १२ केली आहे. हे वेळापत्रकात आधीच धरा. पहिल्या हंगामात मी फाइल थेट फोनवर टाकून दिली होती. ॲपचं पॅकेज नाव, म्हणजे स्टोअरला कळणारी त्याची आतली ओळख, विचार करून ठेवा, एकदा स्टोअरवर गेलं की बदलत नाही. ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली, म्हणजे कीस्टोअर फाइल, दोन ठिकाणी जपून ठेवा.

लॅपटॉप ८ जीबीचा असेल तर फोनची नक्कल चालवूच नका, खरा फोन वायरनं जोडा, आणि तोही मुनीमाच्या हातात असतो तसला स्वस्त. अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप लिहायचा प्रोग्रॅम) पहिल्यांदा चालवताना त्यातलं ग्रेडल, म्हणजे ॲप जुळवणारं साधन, भरपूर काही उतरवून घेतं, ते चांगलं वायफाय असेल तिथे उरका. मोंढ्यात दुपारी रेंज जाते, म्हणून सगळा हिशेब आधी फोनमध्ये साठवा, नेट मागाहून. आणि अक्षरांना भाषा ‘मराठी’ सांगायला विसरू नका, म्हणजे फॉन्टमध्ये असतील तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. मी हे विसरलो होतो. मुनीमकाकांनी पट्टी हातात घेतल्या घेतल्या ओळखलं, “हा ल आपला नाही.”

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पहिली खरी पट्टी निघाली. हेर गावचे एक आजोबा, सोयाबीन, १२ क्विंटल ४० किलो, भाव ४,३५०, कपातीआधी ५३,९४०. मुनीमकाकांनी शेजारी वहीत गुणाकार करून ताडून पाहिला. आजोबांनी कागद डोळ्यांजवळ धरला, स्वतःचं नाव आणि गाव बोट फिरवत वाचलं, मग घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. जाता जाता म्हणाले, “खालचा आकडा मोठा पाहिजे बघा, चष्मा नसला की दिसत नाही.”

त्याच रात्री निव्वळ रकमेचा आकडा दुप्पट केला.