दोऱ्याचा रंग चुकला तिथून

डाळिंबी ब्लाउजला मी तपकिरी दोरा घातला होता. गिऱ्हाईक दारात उभी राहून शिलाईवर बोट ठेवून दाखवत होती, "काकू, दोरा वेगळा का वापरला?" आणि मला तो वेगळा दिसतच नव्हता. मी ब्लाउज उजेडात नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. कापड आणि दोरा दोन्ही एकच, मळकट विटकरी. मी तिला म्हटलं, "ठेवून जा, उसवून देते." ती गेल्यावर बराच वेळ मी मशीनपाशी नुसती बसून राहिले.

बावीस वर्षं मी सांगलीत घरी ब्लाउज शिवते. रंग हाच माझा हिशोब. आमसुली आणि वांगी, रामा आणि मोरपंखी, मेंदी आणि शेवाळी यांतला फरक मी पदर बघून झटक्यात सांगायची. मॅचिंग सेंटरमधला मुलगासुद्धा एखाद्या वेळी मलाच विचारायचा. आणि हे घडलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, नवरात्रात. नऊ दिवसांच्या नऊ रंगांसाठी बायकांची रीघ लागलेली असते, एका दिवसाचाही उशीर चालत नाही, तेव्हा.

त्या वेळी माझे टीबीचे औषधोपचार चालू होते. मे महिन्यात मानेवर गाठ आली, संध्याकाळी कणकण यायची. सुईनं गाठीतलं पाणी काढून तपासलं, टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी केली, आणि जूनमध्ये गोळ्या सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यातून, फुकट. टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत, म्हणजे निक्षयमध्ये, नाव नोंदवलं, खाण्यापिण्यासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात येऊ लागले. नोव्हेंबरपासून ते १००० झाले, त्याचा उपयोगही झाला. माझं वजन ५२ किलो, म्हणून रोज चार गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं मिसळलेली: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅमब्युटॉल. दोन महिन्यांनी पायराझिनामाइड कमी झालं, बाकी तीन चालू राहिली.

लघवी केशरी होईल, मळमळेल, सांधे दुखतील, डोळे पिवळे झाले तर ताबडतोब या, हे सगळं मला सांगितलं होतं. नजरेबद्दल काही सांगितलेलं मला आठवत नाही. कदाचित सांगितलंही असेल. त्या दिवशी माझ्या कानात 'टीबी' हा एकच शब्द घुमत होता. पण औषध सुरू करण्याआधी माझे डोळे कुणी तपासले नाहीत, हे मात्र नक्की.

ब्लाउजच्या आधीही खुणा होत्या, आता मागं वळून पाहिलं की दिसतात. गणपतीच्या सुमारास सुईत दोरा ओवायला वेळ लागू लागला. पेपरातल्या ओळीतली मधलीच अक्षरं पुसल्यासारखी व्हायची, कडेची दिसायची. मंडईत टोमॅटो घेताना हिरवट कुठला आणि पिकलेला कुठला हे दाबून बघावं लागायचं. मी चष्म्याच्या दुकानात गेले. त्यांनी नंबर अर्ध्यानं वाढवून दिला, चाळिशी पुढं सरकते म्हणाले. नव्या चष्म्यातूनही तेच धुकं. दवाखान्यात गोळ्या आणायला गेले तेव्हा दोनदा म्हटलं, "अंधुक दिसतंय." दोन्ही वेळा उत्तर आलं, "अशक्तपणा आहे, नीट जेवा." मीही ते मानलं, कारण मी खरोखर अशक्त होते.

आणखी एक गोष्ट होती, जी मला पुढं मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावली. माझ्या गोळ्यांतल्या इथॅमब्युटॉल या औषधानं नजर उतरली, तर बहुतेकदा दोन्ही डोळे बरोबरच उतरतात. एकाच डोळ्याचं काही बिघडलं असतं तर दुसऱ्याशी ताडून माझ्या लवकर लक्षात आलं असतं. दोन्ही सारखेच मंद होत गेल्यावर ताडायचं कशाशी? मला जग मळकं झालेलं दिसायचं, आणि मी खिडक्या पुसायची, ट्यूब बदलायला सांगायची.

रंगाची गोष्ट पकडली माझ्या मुलीनं. ती अकरावीला, सायन्सला. त्या संध्याकाळी तिनं दोऱ्यांच्या डब्यातली बारा रिळं ओळीनं मांडली आणि म्हणाली, "आई, सारखी सारखी एकत्र कर." मी केली. डाळिंबी, विटकरी आणि तपकिरी एका ढिगात. मेंदी, शेवाळी आणि गडद चॉकलेटी दुसऱ्या ढिगात. निळा आणि पिवळा मात्र बरोबर लागले. तिनं काही न बोलता फोटो काढला. मग हळूच म्हणाली, "रंगांधळेपणा जन्मापासून असतो, आमच्या पुस्तकात आहे. तुला अचानक कसा होईल?"

दुसऱ्या दिवशी मी त्यातली दोन रिळं पिशवीत टाकून दवाखान्यात गेले. या खेपेला 'अंधुक' हा शब्दच काढला नाही. रिळं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर, ही दोन मला एकाच रंगाची दिसतात. जूनमध्ये वेगळी दिसत होती. मी शिवणकाम करते." डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. कधीपासून, दोन्ही डोळ्यांना का, डोळे हलवताना दुखतं का, मधुमेह आहे का, तंबाखू खाता का, एकामागून एक विचारलं. मग म्हणाले, "इथॅमब्युटॉल आजच थांबवायचं. आणि उद्याच्या उद्या डोळे दाखवायचे."

मला तेव्हा वाटलं, सुटले, सगळ्याच गोळ्या बंद झाल्या. शेजारच्या मावशीही तेच सांगत होत्या, "त्या गोळ्याच फेकून दे, डोळ्यांपुढं टीबी काय!" डॉक्टरांनी मला बसवून नीट समजावलं. चार औषधांपैकी डोळ्याच्या नसेवर असा परिणाम करणारं मुख्य औषध हेच. आयसोनियाझिडमुळंही क्वचित होऊ शकतं, म्हणून लक्ष ठेवायचं. पण आपल्या मनानं सगळंच सोडलं तर गाठ परत उठेल आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतील. अडचण अशी की औषधं एकाच गोळीत मिसळलेली, त्यातून एक वेगळं काढता येत नाही. सुट्या गोळ्या मागवाव्या लागल्या. त्यात दोन दिवस गेले. ते दोन दिवस मला फार जड गेले. एकीकडं डोळे, दुसरीकडं गाठ. तिसऱ्या दिवशी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई स्वतः घरी गोळ्या घेऊन आल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मिरजेला डोळ्यांची तपासणी अर्धा दिवस चालली. तक्त्यावर मी ६/२४ पर्यंतच पोचले, म्हणजे चांगल्या नजरेला २४ मीटरवरून दिसतं ते मला ६ मीटरवरून. मग इशिहारा चाचणीचं पुस्तक आलं, रंगीत ठिपक्यांत लपवलेले आकडे ओळखायचे. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, तो मलाही दिसला. जीव भांड्यात पडला. पुढचं पान उलटलं तर नुसते ठिपके. त्याच्या पुढंही ठिपके. शेजारी बसलेली माझी मुलगी ओठ घट्ट मिटून होती, म्हणजे तिला आकडे दिसत होते. त्यानंतर एका गोल भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. कडेचे ठिपके मी पटापट टिपले, मधले बरेच सुटले. कागदावर मधोमध काळा डाग उमटला. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन टीव्हीवर दाखवून, डोक्याला तारा लावूनही एक तपासणी झाली. बाहुली मोठी करायचे थेंब घातले, आत बघितलं. पडदा चांगला, नसही वरून दिसायला ठीक. सुरुवातीच्या काळात असंच असतं म्हणाले. नस मागच्या बाजूला दुखावलेली असते, समोरून डाग दिसत नाही. म्हणूनच नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही.

हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद असलं तर ते अंगात साठतं आणि धोका वाढतो, म्हणून रक्तात क्रिएटिनिनही तपासलं. ते बरोबर निघालं. बी बारा थोडं कमी होतं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. "बऱ्याच जणांची नजर महिन्यामहिन्यानं परत येते. काहींची पूर्ण येत नाही. तुमचं वेळेत थांबलंय, पण शब्द देत नाही. आणि थांबवल्यावरही काही आठवडे उतरू शकते, तेव्हा घाबरून जाऊ नका."

आणि ती उतरलीच. दिवाळीत मला देवापुढची निरांजनं दिसायची, वाढणाऱ्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही. समोर बघितलं की बरोबर मधे धुक्याचा ठिपका. नाकाच्या जागी धुकं, कान मात्र स्वच्छ. रस्त्यात ओळखीच्या बायका भेटायच्या आणि मी तशीच पुढं जायची. एकीनं सासूबाईंना विचारलं, "सूनबाई रागावलीय का?" सासूबाई घरी येऊन रडल्या. टीबीचं आम्ही बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, थायरॉइडची गाठ म्हणून सांगितलं होतं. त्यामुळं डोळ्यांचंही सांगता येईना. मला वाटतं, त्या महिन्यांत आजारापेक्षा या लपवण्यानं मला जास्त थकवलं. नोव्हेंबरात एके दिवशी मी ठरवलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं सांगायला सुरुवात केली. मानेच्या गाठीचा टीबी दुसऱ्याला लागत नाही, गोळ्या चालू आहेत, डोळ्यांवर परिणाम झालाय, रंगाचं काम सध्या बंद. दोघी परत आल्या नाहीत. बाकीच्या सगळ्या आल्या.

काम पूर्ण सोडलं नाही. साडीला फॉल लावणं हाताच्या अंदाजानं होतं, ते चालू ठेवलं. दोरा मात्र गिऱ्हाइकानंच काढून द्यायचा. मुलीनं प्रत्येक रिळाच्या बुडाला जाड मार्करनं रंगाचं नाव लिहिलं. सुईमागं पांढरं कापड धरलं की काळा दोरा ओवता येतो, हे पूर्वीही माहीत होतं, आता रोज लागू लागलं. टेबलावरचा दिवा डावीकडून, मागून कधीच नाही. आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते डॉक्टरांनी शिकवलेलं कडेनं बघणं. जे बघायचंय त्याच्या जरा बाजूला नजर ठेवायची, म्हणजे धुकं बाजूला सरकतं आणि वस्तू कडेनं हाताला लागते. पहिले पंधरा दिवस मान दुखायची. मग चहा कपात ओतणं, जिने उतरणं, गॅसची ज्योत बघणं सगळं तसंच करू लागले. ह्यांनी मार्केट यार्डातून येताना एक मोठं कॅलेंडर आणलं. दर रविवारी सकाळी, त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून, आधी उजवा मग डावा डोळा झाकून त्यावरच्या तारखा वाचायच्या आणि मुलीनं वहीत लिहायचं.

त्या वहीत डिसेंबरभर काही हललं नाही. संक्रांतीनंतरच्या रविवारी तारखांखालची बारीक तिथी दिसली, 'चतुर्थी' हा शब्द मी वाचला. खोटं वाटून तीनदा वाचला. फेब्रुवारीत तक्त्यावर ६/१२. मार्चमध्ये टीबीचा कोर्स संपला. गाठीसाठी डॉक्टरांनी तो लांबवला होता. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मिरजेला ६/९ आलं. इशिहाराच्या पुस्तकातली काही पानं अजून ठिपकेच राहिली. अक्षरं आधी येतात, रंग मागून, असं माझ्या बाबतीत झालं.

माझ्या माहेरच्या गल्लीत एका काकांना गेल्या महिन्यात टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. मी त्यांच्या सुनेला फोन करून सांगितलं, आधी डोळे तपासून घ्या, रंगाचीही तपासणी करा, तिचा कागद जपून ठेवा, आणि नंतर काही फरक वाटला तर 'अंधुक' म्हणू नका, काय दिसत होतं आणि आता काय दिसतं ते सांगा. काकांना मधुमेह आहे, म्हणून मूत्रपिंडाची तपासणीही विचारून घ्या म्हटलं. त्यांनी सगळं केलं.

सध्या मी पुन्हा ब्लाउज शिवते. दिवसाच्या उजेडात डाळिंबी आणि विटकरी मला वेगळे दिसतात. मेंदी आणि चॉकलेटी ट्यूबखाली अजून एकमेकांत मिसळतात, म्हणून गडद रंग मी सकाळी नऊ ते चारच हातात घेते. रिळांच्या बुडाची नावं मुलीनं पुसायची का विचारलं. राहू दे म्हटलं. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे.