तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसभरात देव जाणवत का नाही?

‘देव आहे हे पटतं, पण कामाच्या रगाड्यात जाणवत नाही, काय करू?’ हे पुन्हा पुन्हा विचारलं जातं. माझं उत्तर एकच असतं: दिवसात तीन थांबे ठरवा. जाणवणं आपल्या हातात नाही, थांबणं आहे.

थांबा घड्याळाला बांधू नका. नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यात पाळीत काम करणाऱ्याची सकाळ आठवड्याला बदलते. थांबा रोज होणाऱ्या कृतीला बांधा: उठल्यावर मोबाइल हातात घेण्याआधी, पहिला घास उचलण्याआधी, गाडीची किल्ली फिरवण्याआधी. प्रत्येक ठिकाणी तीन श्वास. श्वास घेताना ‘राम’, सोडताना ‘राम’, ओठ न हलवता. मग एवढंच पाहायचं, की आत्ता माझ्यापर्यंत काय पोचलंय आणि कुणाकुणाच्या हातून. गंगापूर धरणातून घरच्या नळापर्यंत आलेल्या पाण्यापासून सुरुवात केली तरी चालेल. उत्साहात दहा थांबे ठरवणारे पंधरवड्यात सगळेच सोडून देतात, म्हणून तीनच. एखादा चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट करू नका.

सवड असेल तर एक माळ जपा. १०८ मणी, एका नामाला तीन सेकंद धरले तरी साडेपाच मिनिटांत होते. मणी अंगठ्याने आणि मधल्या बोटाने ओढावा, तर्जनी लावू नये. मेरुमणी, म्हणजे माळेची टोकं जुळतात तिथला मणी, ओलांडू नये, तिथून माळ उलटी फिरवावी. मन भरकटलं तर आहे त्याच मण्यावरून पुढे चला.

रात्रीची वही मला सगळ्यात मोलाची वाटते. झोपण्याआधी दोन ओळी. ‘आज प्रसन्न वाटलं’ असं लिहू नका, महिन्याने त्यातून काही कळत नाही. घडलं ते लिहा: ‘रिक्षावाले काका विसरलेली पिशवी द्यायला परत आले.’ दुसरी ओळ, आज कुणाकडे पाहायचं राहिलं.

इथेच एक मोठी चूक होते. सिग्नल हिरवा मिळाला की देव, गारपीट झाली की देव रुसला, अशी वही भरत जाते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागाईतदाराला हा हिशेब सांगून पाहा! ऐन काढणीत गारांनी घड फोडले, तिथे ‘यातही चांगलंच असेल’ म्हणणं निर्दयपणा आहे. त्या दिवशी वहीत नुकसान जसंच्या तसं लिहावं आणि बांधावर कोण येऊन उभं राहिलं तेही लिहावं. शक्य असेल तर तिथे आपण जाऊन उभं राहावं.

हाच शेतकरी आणखी एक गोष्ट जाणतो. एप्रिलमध्ये द्राक्षवेलीच्या जुन्या काड्या कापतात, त्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यात घड तयार होऊ लागतो, बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की तो फुटतो. नामाचंही असंच आहे, म्हणून रोज अंगावर काटा येतो का हे तपासत बसू नये.

आणि माणसं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दर्शनाला आलेल्या दलितांसाठी दारं बंद ठेवली गेली. दाराशी उभ्या माणसात ज्यांना राम दिसला नाही, त्यांना आत काय दिसत होतं? आपल्या पंचवटीतलंच हे आहे, म्हणून तिसऱ्या श्वासाला समोर जो असेल त्याच्या चेहऱ्याकडे पाहा, विशेषतः ज्याच्याकडे पाहायचं आपण टाळतो त्याच्याकडे.

घरात आजारपण किंवा मृत्यू झाला असेल तर वही आणि माळ बाजूला ठेवा, फक्त पहिल्या घासाचा थांबा राखा. दोन आठवडे झोप आणि भूक दोन्ही उडाली, कशातच मन लागेना, तर ती श्रद्धेतली उणीव समजू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना घरच्या कुणाला तरी सोबत न्या.